दोन मोकळी भोकं

मी गोलकीपरच्या डाव्या हातातला ग्लोव्ह बोलतोय, आणि जरा घाईत बोलतोय. सकाळचे साडेआठ झालेत. टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला मला दोन चिमट्यांनी टांगलंय. साडेनऊला मला बॅगेत कोंबतील आणि एक वाजता फायनल आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही. अशा वेळी गप्प लटकत राहण्यापेक्षा कुणाशी तरी बोललेलं बरं.

मी आइस हॉकीतला आहे. बर्फावर स्केट घालून खेळतात ती हॉकी. तिच्यात चेंडू नसतो, काळ्या रबराची जाड चकती असते. तिला पक म्हणतात. ती इतक्या जोरात येते की उघड्या हाताने अडवायला गेलात तर हाताचं काही खरं नाही. म्हणून मी.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात कापला, शिवला, आत स्पंज भरला आणि खोक्यात घातला. आकाराने मी परातीएवढा आहे, आणि अंगठा नि बोटं यांच्या मधोमध माझी झोळी आहे. चामड्याच्या वादीने विणलेली जाळीच ती, पण मी तिला झोळीच म्हणतो. पक तिथे येऊन पडायला हवा आणि पडला की तिथेच राहायला हवा. एवढं एक काम मला दिलंय.

माझी पहिली मालकीण मोरिता. टोकियोतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघात ती गोलकीपर होती. मी नवा होतो, ताठ होतो, आणि ताठ ग्लोव्हमधून पक टणकन बाहेर उडतो. मोरिताने मला महिनाभर उशीखाली घेतलं, माझ्यावर बसून पुस्तकं वाचली. तरी मी सुधारेना, तेव्हा तिने झोळीच्या वरच्या टोकाची वादी शेवटच्या दोन भोकांमधून ओढून काढली आणि ती टोकं तशीच सोडली. झोळी एकदम खोल झाली. त्या दिवसापासून मी कामाचा झालो.

जपानी कॉलेजच्या संघांत वरच्या वर्गातल्या मुलीला सेन्पाई म्हणतात. आमच्या संघाची रीत अशी, की मार्चमध्ये कॉलेज सोडताना गोलकीपर सेन्पाईने आपला ग्लोव्ह पुढच्या मुलीच्या हाती द्यायचा आणि एकच वाक्य सांगायचं. मोरिताने मला साकाईकडे देताना सांगितलं, "ही दोन भोकं मोकळी ठेव." साकाईने कश्मिराला देताना तेच सांगितलं. माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला तिघींची नावं मार्करने लिहिलेली आहेत. दोन जपानीत आणि तिसरं देवनागरीत.

कश्मिरा माझी आत्ताची मालकीण. वडील पुष्कर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर इकडे आले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. पहिली चार वर्षं त्यांची नेमणूक उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, तोमाकोमाईला होती. तिथे हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर पाणी सोडून त्याचा बर्फ करतात आणि पोरं त्यावर चालायला शिकल्यासारखी स्केटिंग शिकतात. हिला स्केटिंग बेताचंच जमायचं, म्हणून हिला गोलमध्ये उभी केली. ती उभी राहिली ती राहिलीच. पुढे घर टोकियोला आलं तरी हिचा बर्फ काही सुटला नाही.

आई शैलजा. घरात तिच्याइतकं मला कुणी हाताळत नाही. प्रत्येक सामन्यानंतर मी घामाने असा उबट वास मारतो की पुष्करराव लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जातात. शैलजाताई मात्र नाकाला पदर लावून मला ओल्या फडक्याने पुसतात, उन्हात टांगतात, वारा सुटला की आत आणतात. खंडेनवमीला सुरी, कात्री, पुष्कररावांचा लॅपटॉप आणि कश्मिराचे स्केट यांच्या पंगतीत मलाही बसवतात आणि मनगटाच्या आत, संघात कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळदकुंकवाचं बोट लावतात. सामना बघायला मात्र त्या चार वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या. "माझ्या लेकीवर लोक दगड मारतात आणि मी टाळ्या वाजवायच्या?" असं म्हणायच्या.

यंदाच्या मोसमाचं सांगतो. चौदा सामने झाले, चौदाही आम्ही जिंकले, तेही कसे, नऊ-शून्य, सात-एक, अकरा-शून्य. आमच्या पुढच्या फळीतल्या मुली समोरच्यांना मधली रेघसुद्धा ओलांडू देत नसत. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, कॉलेजच्या फाटकावर कापडी फलक लागला. सगळे खूश होते, आम्ही दोघं सोडून.

कारण आम्हाला काम नव्हतं. जिंकणाऱ्या संघाच्या गोलकीपरसारखी रिकामी जागा जगात दुसरी नसेल. साठ मिनिटांच्या सामन्यात चार नाहीतर पाच शॉट यायचे, तेही दमून आलेले. बाकी वेळ कश्मिरा जागच्या जागी घसरत राहायची, काठीने गोलचे दोन्ही खांब ठोकायची, कडेच्या जाहिराती वाचायची, बाटलीतलं पाणी उगाच प्यायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी आमची गत. लोक म्हणायचे, काय सुरेख गोलकीपर आहे, मोसमात फक्त पाच गोल खाल्ले. तिला ते ऐकवत नसे. आपण चांगल्या आहोत की आपल्यापर्यंत कुणी पोचतच नाही, हे तिला कळेना. खरं सांगतो, मलाही कळेना.

प्लेऑफ जवळ आले तशी तिची झोप उडाली. सेमीफायनलला समोर होक्काइदोचा संघ होता, आणि तो शॉट मारणारा संघ होता. गुरुवारच्या सरावात तिच्या हातून दोन पक निसटले. माझ्याकडून नाही, हे आधीच सांगतो. तिने हात उशिरा नेला, पक माझ्या कडेला लागून गेला. कोच ओनो-सान मोजून बोलणारे गृहस्थ. ते इतकंच म्हणाले, "शनिवारी कश्मिरा सुरुवात करेल. रिन तयार राहील."

रिन पहिल्या वर्षाची, दुसरी गोलकीपर. मुलगी गुणी आहे. पण चौदा सामन्यांत 'तयार राहील' हे शब्द ओनो-सानांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. कश्मिराने वाकून "हाय", म्हणजे हो, म्हटलं आणि मला बॅगेत असं आदळलं की माझा अंगठा दुमडला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?"

"बेत्सुनी," कश्मिरा म्हणाली. म्हणजे, काही नाही.

"मला मराठीत सांग."

"काही नाही, आई. पक हातातून निसटतोय. शनिवारी पण निसटला तर मला बाहेर काढतील. शेवटचं वर्ष आहे. मग संपलंच."

शैलजाताईंनी ते मनावर घेतलं. माणसाने मनावर घेतलं की वस्तूंवर संकट येतं, हा माझा अनुभव आहे. शुक्रवारी दुपारी मला पुसताना त्यांची नजर झोळीच्या वरच्या टोकावर गेली. वादीची दोन टोकं लोंबत होती, दोन भोकं रिकामी होती. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अगंबाई, उसवलाय की हा. निसटेल नाहीतर काय होईल?"

मी ओरडलो, पण ग्लोव्हचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

त्यांनी कपाटातून शिवणाचा डबा काढला. त्यात त्यांचा गोधडीचा दोरा आहे, मेण लावलेला, पक्का, पुण्याहून आणलेला. वादी त्यांनी दोन्ही भोकांतून ताणून घातली, गाठ मारली, आणि वर ती उसवू नये म्हणून धावदोऱ्याचे बारीक टाके घातले. सगळे टाके एका मापाचे, एका रेषेत. हात सुरेख चालतो त्यांचा, नाही म्हणणार नाही. मोरिताने आठ वर्षांपूर्वी सैल केलेली माझी झोळी अर्ध्या तासात ढोलकीच्या पानासारखी ताणली गेली. मग त्यांनी मला कुरवाळलं, मनगटात कुंकवाचं बोट लावलं आणि बॅगेत अलगद ठेवलं. लेकीला सांगितलं नाही. सांगितलं तर ती चिडेल, जिंकल्यावर सांगू, असा त्यांचा हिशेब असावा. आणि त्यांनी ठरवलं की या सामन्याला आपण जायचं.

काल दुपारी बर्फावर उतरल्याबरोबर सरावाचा पहिला पक माझ्यात आला आणि टणकन बाहेर उडाला. दुसराही उडाला. थंडीने मेणाचा दोरा आणखी आवळला होता. वाटलं, आता ती मला उलटं करून बघेल. पण तिने बघितलं नाही. ती धरूनच बसली होती की चूक आपल्या हाताची आहे. दोन दिवस ती हेच घोकत होती, मग ग्लोव्हकडे कशाला बघेल? आतून तिचे बोटांचे सांधे मला गार लागत होते.

सामना सुरू झाला. सहाव्या मिनिटाला होक्काइदोच्या एका मुलीने लांबून साधा शॉट मारला. शाळेतल्या पोरीने झेलावा असा. कश्मिराने वेळेवर हात नेला, पक बरोबर माझ्या झोळीत आला, आणि आदळून बाहेर पडला तो थेट त्यांच्या दुसऱ्या मुलीच्या काठीसमोर. तिने ढकलला. शून्य-एक. पंधरा सामन्यांत आम्ही पहिल्यांदा मागे पडलो होतो.

त्यानंतर आणखी तीन शॉट आले. ते तिने पायाने, छातीने अडवले. मला तिने वापरलंच नाही, मला अंगाशी घट्ट धरून ठेवलं. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला, असं मला वाटलं, आणि फार वाईट वाटलं. खरं तर तिचा विश्वास स्वतःवरचा उडाला होता.

वीस मिनिटांचा पहिला भाग संपला. खोलीत कश्मिरा डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. ओनो-सान दारात येऊन म्हणाले, "रिन, अंग मोकळं कर. कश्मिरा, पुढचा शॉट सुटला की बदल होईल." ते गेले. रिन कोपऱ्यात पाय ताणू लागली आणि तिने कश्मिराकडे बघायचं टाळलं.

आमच्या संघाची मॅनेजर चिहारू. ती स्वतः खेळत नाही. बाटल्या भरणं, टेप लावणं, सगळ्यांचं सामान तपासणं ही तिची कामं, आणि ती देवपूजेसारखी करते. प्रत्येक मध्यंतरात ती मला कोरड्या फडक्याने पुसते. काल पुसता पुसता तिचा हात थांबला.

"कश्मिरा-सान, हा दोरा कुणी घातला?"

कश्मिराने टॉवेल काढला. मला हातात घेतलं, उलटं केलं. त्या बारीक, एका मापाच्या टाक्यांवरून तिने अंगठा फिरवला. घरी तिच्या पलंगावर जी गोधडी आहे तिच्यावर हेच टाके आहेत, शेकड्याने. लहानपणापासून ती त्यांच्याखाली झोपली आहे. तिला विचारावं लागलं नाही.

मला वाटलं ती चिडेल. ती हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती पुन्हा हसली. चिहारू घाबरून बघत राहिली. "माझा हात चुकला नव्हता," कश्मिरा म्हणाली. "चिहारू, माझा हात बरोबर होता."

चिहारूने टेप कापायची कात्री पुढे केली. कश्मिराने ती घेतली आणि थोडा वेळ नुसती धरून ठेवली. आईचे टाके कापायचे म्हणजे काही सोपं नसतं. मग तिने एकेक टाका कापला, गाठ सोडली, वादी दोन भोकांतून बाहेर ओढली. सगळा दोरा गोळा करून तिने माझ्या मनगटात, नावांपाशी, दडपून ठेवला. झोळी खाली बसली आणि मला श्वास आला.

ओनो-सानांना तिने यातलं काही सांगितलं नाही. पुढचा शॉट सुटला असता तर तिला सबब हाताशी नको होती, असं मला वाटतं.

दुसऱ्या भागात आमच्या मुली पेटल्या. एक-एक झालं, दोन-एक झालं. आणि आमच्या नशिबी पुन्हा तेच, रिकामं उभं राहणं. पक सगळा वेळ पलीकडच्या टोकाला. चौदा मिनिटं एकही शॉट नाही. कश्मिरा खांब ठोकत होती, डावीकडे घसरत होती, उजवीकडे घसरत होती. बाकावर रिन हेल्मेट घालून बसली होती. आईचे टाके कापले, आता तरी पक राहील का, याचा निकाल लागत नव्हता. वाईट व्हायचं असेल तर एकदाचं होऊन जाऊ दे, असं मला वाटायला लागलं. वाट बघण्यापेक्षा गोल खाल्लेला परवडला, असा विचारही मनात येऊन गेला. देवाने तो ऐकला नसावा.

तिसऱ्या भागात शेवटचं दीड मिनिट उरलं होतं. आमच्या बचावातली एक मुलगी पडली आणि होक्काइदोची ती पहिल्या गोलवाली एकटी सुटली. मधे कुणी नाही. ती, पक आणि आम्ही. तिने आमच्या उजवीकडे दाखवलं आणि डावीकडे वर मारला, माझ्या बाजूला, खांबाच्या आतून.

कश्मिराने मला पुढे फेकलं नाही. नुसतं उघडलं आणि तिथे नेऊन ठेवलं. पक आला, झोळीत खोल बुडाला, आणि झोळी आपसूक मिटली. असा जड, पोटभर वजनाचा पक मला या मोसमात मिळालाच नव्हता. मी तो सोडला नाही. पंचाने शिट्टी वाजवली तरी सोडला नाही. त्याने येऊन कश्मिराच्या हातावर टिचकी मारली, तेव्हा कुठे ती भानावर आली.

आम्ही दोन-एक जिंकलो. मुली तिच्या अंगावर पडल्या, सगळ्यात वर रिन.

बाहेर शैलजाताई डबा घेऊन उभ्या होत्या. दोन्ही गाल लाल, आवाज बसलेला. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि बॅगेतून डोकावणाऱ्या मला थोपटलं.

"बघितलंस ना? शेवटचा कसा अडकला. काल मी शिवून दिला होता तुझा ग्लोव्ह. तुला बोलले नाही. आता घरी गेल्यावर आणखी चार टाके घालते, उद्या फायनल आहे."

माझ्या अंगातला स्पंज गारठला. तोझाई लाइनची गाडी आली, दोघी बसल्या, मी मधे. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. आईला सांगावं तर आईचा आनंद जातो, न सांगावं तर उद्याची फायनल जाते. तिसऱ्या स्टेशनला कश्मिराने माझ्या मनगटातून दोऱ्याचा गुंडा काढला आणि आईच्या हातावर ठेवला.

"आई, हा मी मधे कापला. ही भोकं मुद्दाम मोकळी असतात."

शैलजाताई दोऱ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे पहिला गोल..."

"हो."

"माझ्यामुळे झाला?"

"हो, आई."

जपानी गाडीत कुणी मोठ्याने बोलत नाही, रडत तर नाहीच. शैलजाताईंनी दोरा मुठीत धरला आणि खिडकीबाहेर बघितलं. घरी गेल्यावर डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, आणि म्हणाल्या, "आण तो इकडे. मला बघू दे."

त्यांनी मला हातात घातलं. तीन वर्षं पुसत होत्या, पण आत हात कधी घातला नव्हता. टेबलावरच्या टोपलीत मिकान होती, इकडची छोटी संत्री. कश्मिराने एक उचललं. "धरायला जाऊ नकोस. नुसतं उघडं ठेव." आणि टाकलं. संत्रं झोळीत आलं, बुडालं, मी मिटलो.

"अगं, हा तर आपला आपण मिटतो," शैलजाताई म्हणाल्या.

"सैल आहे म्हणून."

"आणखी एक टाक."

टोपलीतली अकरा संत्री त्यांनी झेलली. बारावं पुष्कररावांच्या चहात पडलं. ते "काय चाललंय काय घरात?" म्हणाले, आणि आपल्या घरातल्या बायका एवढ्या का हसतायत हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग शैलजाताईंनी मार्कर मागितला. मनगटाच्या आत, मोरिता, साकाई आणि कश्मिरा यांच्या खाली, त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इथे दोरा घालू नये.' आणि खाली सही केली, शैलजा.

आता नऊ वाजून वीस मिनिटं झाली. आतून पावलांचे आवाज येतायत, पोह्यांचा वास येतोय. फायनलचं काय होईल मला ठाऊक नाही. पुन्हा साठ मिनिटं रिकामं उभं राहावं लागेल, की वीस शॉट येतील, काही सांगता येत नाही, आणि त्यानेच माझा जीव वरखाली होतोय.

पण एक गोष्ट ठरलेली आहे. मार्चमध्ये कश्मिरा कॉलेज सोडेल आणि मला रिनच्या हातात देईल. ते एक वाक्यही सांगेल. पण पोर नवी आहे, त्या दिवशी सगळ्या रडत असतील, वाक्य विसरायला काय लागतं? पुढे कधीतरी पक निसटेल, तिला झोप येणार नाही, आणि तिच्याही घरी शिवणाचा डबा घेऊन बसलेलं कुणीतरी असेलच. लिहिलेलं आहे खरं माझ्यात, पण रिनला मराठी वाचता येत नाही. तुम्हाला येतं. कधी तिकडे गेलात, तर तिला एवढं वाचून दाखवा.

आली बघा कश्मिरा. चिमटे निघाले.